माउंट रोडवरील मंदावलेले दिवे

मोठ्या शहरास भेट देणारा प्रवासी पहिल्या दिवशी देवळे पाहतो, दुसऱ्या दिवशी संग्रहालये पाहतो, तिसऱ्या दिवशी समुद्र असल्यास समुद्र पाहतो. आणि चौथ्या दिवशी घरच्या मंडळींनी दिलेली यादी खिशातून काढून बाजाराची वाट धरतो. प्रवासवर्णनांत या चौथ्या दिवसास सहसा जागा मिळत नाही. वास्तविक एखादे शहर कशाची हौस करते आणि कशास कंटाळते, हे बाजाराइतके स्पष्ट अन्यत्र कोठेही दिसत नाही. म्हणून या वेळी आम्ही वाचकांस मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, एका बाजारात घेऊन जाणार आहोत. हा बाजार भरात आलेला नाही, ओसरत चाललेला आहे. त्याचे नाव स्पेन्सर प्लाझा.

ओसरता बाजार पाहण्यासारखे त्यात काय आहे, असे कोणी विचारील. आम्हांसही निघताना तसे विचारण्यात आले. परंतु आपण हैदराबादकर मराठी मंडळी दुकानांच्या आठवणींवर वाढलेली आहोत. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद यांनी एक दुकान काढले. दुकान केव्हाच गेले, पण आबिड्स हे नाव आपल्या बोलण्यात कायमचे राहिले. आजही आपण ‘आबिड्सला जाऊन येतो’ असे म्हणतो, तेव्हा नकळत एका नाहीशा झालेल्या दुकानाचेच स्मरण करीत असतो. मद्रासेत स्पेन्सरचे स्थान असेच होते, आणि तेथील दुकान तर अद्याप पुरते नाहीसे झालेले नाही. जे अर्धवट उरले आहे ते उरलेले असतानाच पाहून घ्यावे, एवढाच आमचा हेतू होता.

दीडशे वर्षांची पेढी

स्पेन्सरची कथा १८६३ सालापासून सुरू होते. चार्ल्स ड्यूरंट आणि जे. डब्ल्यू. स्पेन्सर या दोघा इंग्रजांनी माउंट रोडवर व्यापार आरंभिला. पुढे यूजीन ओकशॉट हा कर्तबगार गृहस्थ त्या पेढीचा धनी झाला आणि त्याच्या हातात तिचे रूप पालटले. १८९५ साली डब्ल्यू. एन. पॉग्सन या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली, हिंदी व इस्लामी शैलींचा इंग्रजी पद्धतीशी मेळ घातलेली भव्य इमारत उभी राहिली, आणि १८९७ साली पेढीची मर्यादित कंपनी झाली. त्या काळी आशिया खंडातील मोठ्यात मोठ्या दुकानांत स्पेन्सरची गणना होत असे. डब्यातील विलायती खाद्यपदार्थांपासून दिंडिगुलच्या चिरुटांपर्यंत आणि औषधांपासून सोडावॉटरच्या बाटल्यांपर्यंत सर्व काही एका छपराखाली मिळे. शेजारचे कॉनेमारा हॉटेल स्पेन्सरच्या मालकीचे होते. आगगाडीच्या स्थानकांवरील उपाहारगृहेही ही कंपनी चालवी, त्यामुळे मद्रास कधी न पाहिलेल्या प्रवाशांसही तिचे नाव ठाऊक असे. मद्रास शहराचे इतिहासकार एस. मुथय्या यांनी या कंपनीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, यावरून तिचे शहरातील महत्त्व ध्यानात यावे.

येथे इंदूर आणि बडोदे येथील वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव आठवते. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतील. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मले, मद्रासेत शिकले आणि त्रावणकोरची दिवाणगिरी गाजवून १८७३ साली इंदुरास व १८७५ साली बडोद्यास गेले. बालवयीन सयाजीरावांच्या काळात बडोदे संस्थानची घडी त्यांनीच बसविली. उत्तरायुष्यात ते मद्रासेस परतले आणि १८९१ साली तेथेच, मैलापुरात, निवर्तले. स्पेन्सरची नवी इमारत त्यांना पाहावयास मिळाली नाही. परंतु माउंट रोडवरील ती पेढी त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होती. आपल्या इंदूर-बडोद्याच्या इतिहासाचा एक धागा या शहरात असा गुंतलेला आहे.

१९८३ साली त्या जुन्या इमारतीस भीषण आग लागली आणि जवळजवळ नव्वद वर्षांचे वैभव बेचिराख झाले. एखाद्या शहराचे दुकान जळाले म्हणून शहर हळहळले, असे क्वचितच घडते. मैलापुरात आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या तंजावरी मराठी कुटुंबातील वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना घरातील लहानथोर सारे ‘अप्पा’ म्हणतात, त्यांनी त्या आगीची हकीकत सांगताना घरातील कोणी गेल्यासारखा स्वर लावला होता. लहानपणी वडिलांचे बोट धरून ते त्या दुकानात गेले होते. खरेदी काय केली, असे आम्ही विचारले. अप्पा हसले. खरेदी एका पावाची आणि बिस्किटांच्या एका डब्याची; पण त्यासाठी सर्वांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, आणि तो रिकामा डबा पुढे वीस वर्षे घरात डाळ ठेवण्यासाठी वापरात होता.

राखेतून उभे राहिलेले दालन

जळालेल्या जागेवर नवी इमारत उभारण्याचे काम १९८५ नंतर हाती घेण्यात आले आणि ते तीन टप्प्यांत पार पडले. जुने स्पेन्सर हे एका धन्याचे, अनेक खात्यांचे दुकान होते. नवे स्पेन्सर प्लाझा हे शेकडो लहानमोठ्या गाळ्यांचे संकुल झाले. खालचे मजले दुकानांचे, वरचे कचेऱ्यांचे. ‘मॉल’ हा शब्द आपल्या देशात अजून रुळावयाचा होता, त्या काळात भारतातील अगदी आरंभीच्या मॉलपैकी हा एक होता.

१९९० नंतरची पंधरावीस वर्षे ही त्याची बहराची. बाहेर मद्रासचे ऊन आणि आत वातानुकूलित गारवा. केवळ त्या गारव्यासाठीही लोक येत. सरकता जिना पाहण्यास आलेली खेड्यापाड्यांतील कुटुंबे त्याच्या पायथ्याशी घुटमळत, आणि धीट मुले प्रथम चढून वरून आईवडिलांस हाका मारीत. अप्पांच्या सूनबाईंनी हे चित्र मोठ्या गोडीने वर्णन केले. त्या स्वतः त्या वेळी महाविद्यालयात शिकत होत्या. म्युझिक वर्ल्डमध्ये कानांवर यंत्र लावून नवी गाणी ऐकावयाची, लँडमार्क या पुस्तकांच्या दुकानात उभ्याउभ्याच अर्धी कादंबरी वाचून काढावयाची आणि दोघींत एक आइसक्रीम घेऊन घरी परतावयाचे, असा त्यांचा शनिवारचा क्रम असे. पैसे फारसे खर्च होत नसत, आणि तरीही दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटे.

आज ती दोन्ही दुकाने तेथे नाहीत.

दुपारचा फेरफटका

मेट्रोच्या एल्‌आयसी स्थानकातून आम्ही वर आलो. समोर १९५९ साली बांधलेली एल्‌आयसीची उंच इमारत. एके काळी मद्रासी माणूस पाहुण्यास ती मुद्दाम दाखवावयास नेत असे. थोड्या अंतरावर हिगिनबॉथम्सचे पुस्तकांचे दुकान, १८४४ साली स्थापन झालेले. माउंट रोडचे नाव अण्णा सालै झाले त्यास आता अर्धशतक उलटून गेले. तरी रिक्षावाले, टपाल शिपाई आणि अप्पा हे सारे अद्याप ‘माउंट रोड’ असेच म्हणतात. रस्त्यावर वाहनांचा पूर अखंड वाहत होता, आणि त्या पुराच्या काठावर स्पेन्सर प्लाझाची लांबरुंद इमारत उभी होती.

आत शिरताच प्रथम जाणवली ती शांतता. बाजारात शांतता ही गोष्ट मनाला विलक्षण खटकते. देवळात ती शोभते, ग्रंथालयात ती हवीशी वाटते; पण दुकानांच्या रांगांमधून आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येऊ लागला की काही तरी चुकल्यासारखे वाटते. एका ओळीत दिवे लागलेले, पुढच्या ओळीत शटर ओढलेले. मग पुन्हा दोन दुकाने उघडी, मग पुन्हा चार बंद. बंद शटरांवर जुन्या पाट्या तशाच होत्या. कोठे प्रवासी कचेरीची, कोठे घड्याळांची, कोठे ‘आम्ही स्थलांतर केले आहे’ अशी. शेवटच्या प्रकारच्या पाटीवरील पत्ता नीट वाचला तर तो बहुधा एखाद्या नव्या मॉलचा अथवा दूरच्या उपनगराचा असे.

मधल्या उंच चौकात, जेथे छपरातून उजेड खाली झिरपतो, तेथे मात्र थोडी वर्दळ होती. वरच्या कचेऱ्यांतील तरुण मंडळी चहा पिऊन पुन्हा वर जात होती. शाळेच्या गणवेशातील दोन मुली भिंतीशी बसून वही उतरवून घेत होत्या. एक वृद्ध जोडपे केवळ बसले होते. त्यांच्याजवळ पिशवीही नव्हती. आमच्या सौ. म्हणाल्या, “ही माणसे येथे खरेदीस आलेली नाहीत, सावलीस आलेली आहेत.” खरोखर तसेच होते. मुलींनी वही मिटली आणि त्या निघून गेल्या, तरी जोडपे बसलेलेच होते.

काश्मिरी दुकानदार आणि शिवणसामानाच्या अम्मा

स्पेन्सर प्लाझात काश्मिरी दुकानांची संख्या आरंभापासून मोठी. अक्रोडाच्या लाकडावरील कोरीवकाम, कागदाच्या लगद्याच्या रंगीत पेट्या, शाली, गालिचे. परदेशी पर्यटकांस घेऊन येणारे वाटाडे प्रथम तेथेच आणीत. अशाच एका दुकानाच्या दारात पन्नाशीचे एक गृहस्थ स्टुलावर बसले होते. त्यांनी नेहमीच्या सवयीने “या, केवळ पाहण्याचे पैसे नाहीत” असे म्हटले, आणि आमच्या दखनी धाटणीच्या उत्तराने त्यांची मुद्रा एकदम खुलली. हैदराबादचे आहात तर चहा घेतल्याविना जाता येणार नाही, असा त्यांचा आग्रह पडला. समुद्रकाठच्या या शहरात, काश्मीरच्या माणसाने हैदराबादच्या मराठी माणसास उर्दूतून चहाचे आमंत्रण द्यावे, हे आपल्या देशातच संभवते.

ते म्हणाले, “भाईसाहेब, मी येथे आलो तेव्हा पंचविशीचा होतो. घरी परिस्थिती बरी नव्हती. थोरल्या भावाने सांगितले, दक्षिणेस जा, तेथे लोक सभ्य आहेत आणि थंडी पडत नाही म्हणून शालीची त्यांना अपूर्वाई आहे.” ही मोठी मौजेची गोष्ट त्यांनी गंभीरपणे सांगितली. पूर्वी डिसेंबर-जानेवारीत जेवावयास फुरसत नसे. आता दिवसाकाठी दोन गिऱ्हाइके आली तरी दिवस बरा म्हणावयाचा. मग दुकान हलवीत का नाही? त्यांनी बोटे मोडून हिशेब सांगितला. नव्या मॉलमध्ये भाडे झेपत नाही. रस्त्यावर दुकान काढले तर गालिच्यावर धूळ बसते. आणि येथे जुनी गिऱ्हाइके अद्याप वाट शोधीत येतात. थोरला मुलगा माल फोनवरून विकतो. “तो म्हणतो, अब्बा, दुकानाची गरजच काय? मी म्हणतो, बेटा, शाल हातात घेतल्याविना तिची ऊब कशी कळणार?”

आमच्या सौ. नी एक लहानशी पेटी घेतली. घासाघीस त्यांनी केली नाही, आणि त्या गृहस्थांनीही सांगितली ती किंमत आपण होऊन उतरविली. जणू एकमेकांच्या मनातील गोष्ट दोघांनी ओळखली होती.

वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात शिवणसामानाचे दुकान होते. गुंड्या, लेस, अस्तर, रेशमी गोफ यांची छोटी छोटी खणे भिंतभर. मागे साठी ओलांडलेल्या एक अम्मा. इंग्रजीचे चार शब्द, हिंदीचे दोन आणि बाकी हातवारे, यांवर आमचे संभाषण उत्तम चालले. हा गाळा त्यांच्या यजमानांनी निवृत्तीच्या रकमेतून विकत घेतलेला. त्या वेळी नातलगांत केवढा मान मिळाला! माउंट रोडवर, स्पेन्सरमध्ये, आपल्या मालकीचा गाळा. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यातही त्याचा उल्लेख झाला होता. यजमान आता नाहीत. गाळा विकावा तर घेणारा नाही, भाड्याने द्यावा तर भाडेकरू नाही, आणि बंद ठेवावा तर देखभालीचा खर्च बंद गाळ्यासही चुकत नाही. म्हणून त्या रोज बसने येतात, कुलूप उघडतात, दिवा लावतात आणि संध्याकाळी परत जातात. कंटाळा येत नाही का, असे विचारताच त्यांनी समोरच्या बंद शटरांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मी उघडले नाही तर या ओळीत अंधार होईल.”

या वाक्यावर आम्हांस काही बोलता आले नाही. आम्ही तीन वार लेस घेऊन निघालो.

दुखणे कशाचे?

हा बाजार ओसरला कशामुळे, याचे सोपे उत्तर लोक देतात ते असे : नवे मॉल निघाले. ते खोटे नाही. २००६ साली मैलापूरच्या बाजूस सिटी सेंटर निघाले. २०१० साली, येथून पायी जाण्याजोग्या अंतरावर, रामनाथ गोएंका यांच्या जुन्या एक्स्प्रेस इस्टेटच्या जागेवर एक्स्प्रेस ॲव्हेन्यू उभे राहिले. २०१३ साली वेळचेरीस फिनिक्स आले. या साऱ्यांत चित्रपटगृहे आहेत, खाण्याची विस्तीर्ण दालने आहेत, मोटारी ठेवण्यास ऐसपैस जागा आहे. स्पेन्सर प्लाझात चित्रपटगृह कधीच नव्हते. एकदा घराबाहेर पडून चित्रपट, जेवण आणि खरेदी उरकावयाची, अशी लोकांस सवय लागल्यावर केवळ दुकाने असलेल्या जागेचे आकर्षण कमी होणारच. पुढे मेट्रोच्या भुयाराचे काम सुरू झाले आणि माउंट रोडवरील वाहतूक कित्येक वर्षे वळणावळणाने चालली. २०१९ साली गाडी धावू लागली. लोक आता येतील अशी आशा निर्माण होते न होते, तोच २०२० साल उजाडले आणि महामारीने देशभरच्या दुकानांची दारे लावली.

तथापि मूळ दुखणे याहून खोल आहे, आणि ते मालकीच्या रचनेत आहे. स्पेन्सर प्लाझातील गाळे एकेका व्यक्तीस विकण्यात आले. नव्या मॉलमध्ये बहुधा तसे करीत नाहीत. तेथे सारी इमारत एका धन्याची असते, गाळे केवळ भाड्याने दिले जातात. कोणते दुकान कोठे असावे, तळमजल्यावर कोणास बसवावे, कोणाचे भाडे कमी करून त्यास टिकवावे, हे सर्व एक डोके ठरविते. एक दुकान बंद पडले तर महिन्याभरात तेथे दुसरे येईल याची काळजी त्या डोक्यास असते, कारण एका अंधाऱ्या गाळ्यामुळे शेजारच्या चार गाळ्यांचे गिऱ्हाईक तुटते हे त्यास ठाऊक असते. जेथे शेकडो मालक असतात तेथे ही काळजी कोणाचीच नसते. एकास दुरुस्ती हवी असते, दुसऱ्यास खर्च नको असतो, तिसरा परगावी राहतो. प्रत्येक जण आपल्या परीने शहाणा असतो, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र अंधारात होते. संयुक्त कुटुंबाचा वाडा वाटण्या झाल्यावर कसा ढासळतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नलगे. ओसरीचा मालक कोणीच नसतो, म्हणून प्रथम ओसरीच पडते.

यात एक विरोधाभास आहे, तो मनाला लागतो. गाळा विकत मिळाला म्हणूनच अम्मांच्या यजमानांसारखा सामान्य माणूस माउंट रोडवर मालक होऊ शकला. एका धन्याच्या मॉलमध्ये त्यांस उंबराही ओलांडता आला नसता. ज्या रचनेने लहान माणसास आत घेतले, तीच रचना त्यास सांभाळू शकली नाही. म्हणून नव्या मॉलच्या झगमगाटाकडे पाहून जुन्यास नावे ठेवण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

अन्यत्रची उदाहरणे

ही अवस्था एकट्या मद्रासची नाही. छपराखालच्या अशा बाजाराची आधुनिक कल्पना ज्याच्या नावाशी जोडली जाते तो व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नात जन्मलेला वास्तुशिल्पज्ञ. अमेरिकेत मिनियापोलिस शहराजवळ १९५६ साली त्याने ‘साउथडेल’ हे बंदिस्त बाजारसंकुल उभारले. युरोपातील गावांमधील चौक, जेथे माणसे खरेदीच्या निमित्ताने भेटतात आणि भेटीच्या निमित्ताने खरेदी करतात, तो अमेरिकन उपनगरांस द्यावा, ही त्याची मनीषा होती. पुढे शहराच्या मध्यवस्तीस नवजीवन द्यावे म्हणून त्याने रॉचेस्टर येथे १९६२ साली ‘मिडटाउन प्लाझा’ बांधला. ते संकुल २००८ साली बंद झाले. आपल्या कल्पनेचे व्यापाऱ्यांनी जे केले ते पाहून ग्रूएन स्वतःच उत्तरायुष्यात मॉलचा कडवा टीकाकार झाला होता.

आपल्या मुंबईतही १९९९ साली ताडदेव-हाजीअली भागात ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल निघाला. आरंभी गर्दी इतकी लोटली की ज्याच्याजवळ मोबाइल फोन अथवा क्रेडिट कार्ड असेल त्यासच मोफत आत सोडावयाचे, असा नियम करण्यात आला होता. ज्या वास्तूने एके काळी माणसांना दारात अडविले, तिलाच पुढे धनी आणि नाव दोन्ही बदलावे लागले, आणि माणसांची वाट पाहावी लागली. काळाचा हा न्याय मोठा कठोर खरा.

उलट, बाजार म्हणून बाजार मरतो असेही नाही. त्याच चेन्नईत त्यागरायनगरच्या रंगनाथन रस्त्यावर सायंकाळी गेलो तर चालण्यास जागा मिळेना. तेथे छप्पर नाही, गारवा नाही. पण माल आहे, भाव आहे आणि माणसे आहेत. शेजारच्या पाँडी बाजारात २०१९ साली रस्त्याची आखणी बदलून पायी चालणारांसाठी रुंद फरसबंदी करण्यात आली, आता तेथे कुटुंबेच्या कुटुंबे रमतगमत हिंडतात. आपल्या हैदराबादेतही १९३५ सालचे मोअज्जम जाही मार्केट मोडकळीस आले होते. २०२० साली त्याची डागडुजी होऊन ते पुन्हा उजळले, आणि दगडी कमानींच्या आतील आइसक्रीमची जुनी दुकाने जागच्या जागी राहिली. काळजी घेणारा कोणी असेल तर जुनी वास्तू आपला काळ पुन्हा मिळवू शकते, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

स्पेन्सर प्लाझाचे काय होईल, याविषयी भविष्य वर्तविण्याचा आमचा अधिकार नाही. जागा मोक्याची आहे, स्थानक जवळ आहे, वरच्या कचेऱ्यांतील शेकडो माणसे रोज त्याच दारातून जातात-येतात. त्यांना खाली दोन घटका थांबावेसे वाटेल असे काही मालकांनी एकत्र बसून केले, तर आज ओढलेली शटरे पुन्हा वर जाणे अशक्य नाही. मात्र एकत्र बसणे हीच सर्वांत अवघड गोष्ट असते, हे प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सभासदास ठाऊक आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी कोठे ना कोठे असा एखादा गाळा असेल : सुलतान बाजारात, राजवाड्यापाशी, मांडवीत, नाही तर बेळगावच्या खडेबाजारात. आजोबांनी घेतलेला, वडिलांनी चालविलेला, आणि मुलांनी पुढे काय करावे याचा निर्णय न झालेला. अशा गाळ्याचा हिशेब केवळ भाड्याच्या आकड्यात मांडून भागत नाही. त्या ओळीत आपला दिवा लागतो की नाही, यावर शेजाऱ्याचाही दिवा अवलंबून असतो. दुकान ठेवावयाचे असेल तर शेजाऱ्यांशी बोलून, मिळून खर्च करून, नीट ठेवावे. आणि सोडावयाचे असेल तर ते योग्य वेळी, दुसऱ्या होतकरू माणसाच्या हाती द्यावे. अर्धवट ओढलेल्या शटरामागे ते वर्षानुवर्षे पडू देणे, यात ना घराचे हित आहे, ना गावाचे.

चेन्नईस गेल्यास वाचकांनी कपालीश्वराचे देऊळ पाहावे, समुद्र पाहावा, त्यागरायनगरात साड्या अवश्य घ्याव्यात. पण एखादी दुपार माउंट रोडसाठी राखून ठेवावी. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात, गुंड्या आणि लेस चांगली मिळते. भावही वाजवी आहे.